खाडी ते खाडी : कोकण किनारा मोटारीने पाहण्याची रीत

कोकण किनाऱ्याने मोटारीने जायचे ठरवणारे बहुतेक जण नकाशा उघडतात, अलिबाग ते रेडी हे अंतर मोजतात, त्याला रजेच्या दिवसांनी भागतात आणि मुक्कामाची गावे ठरवून मोकळे होतात. हा हिशेब पहिल्याच खाडीशी कोलमडतो. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांनी किनारपट्टीचे तुकडे पाडलेले आहेत. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचे, तर कुठे पूल मिळतो, कुठे फेरीबोटीची वाट पाहावी लागते आणि फेरी बंद असली तर आत महामार्गापर्यंत जाऊन पुन्हा किनाऱ्याला उतरावे लागते. म्हणून या प्रवासाचे माप किलोमीटर हे नसून खाडी हे आहे. एका मुक्कामात दोन खाड्यांमधला एक तुकडा नीट पाहावा आणि तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडावी, असा बेत केल्यास घाई होत नाही. आठवडाभराच्या रजेत मुंबई ते गोवा असा सबंध किनारा उरकण्यापेक्षा त्यातले दोन तुकडे निवडणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66, म्हणजे आपला जुना मुंबई–गोवा रस्ता, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, कुडाळ अशा गावांवरून सह्याद्रीच्या पायथ्याला धरून जातो. त्याच्या चौपदरीकरणाची कथा सर्वांना ठाऊक असल्याने येथे सांगत नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. समुद्र पाहायचा तर रेवस ते रेडी असा जो सागरी मार्ग आखलेला आहे, त्याचे तयार झालेले भाग आणि त्यांना जोडणारे गावरस्ते धरावे लागतात. हे रस्ते अरुंद असतात, वाडीत शिरले की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे येतात आणि वळणावर एस.टी. समोर उभी ठाकते. अशा वेळी गाडी आपणच मागे घ्यावी, कारण एस.टी.च्या चालकाला मागची जागा दिसत नाही आणि त्याच्या गाडीत शाळेची मुले असतात. मोठ्या, रुंद गाडीपेक्षा लहान गाडी येथे अधिक कामाची ठरते. ताशी तीस किलोमीटरचा वेग गृहीत धरून वेळ काढावी आणि अंधार पडल्यावर किनारी रस्त्यावर गाडी चालवणे टाळावे. गुरे रस्त्यात बसलेली असतात आणि कठडे सर्वत्र नसतात.

घाटावरून येणाऱ्यांना कोणता तुकडा पाहायचा हे घाटाच्या निवडीवरूनच ठरवता येते. पुण्याहून ताम्हिणी उतरले की माणगाव आणि तेथून श्रीवर्धन–दिवेआगर जवळ पडते. महाबळेश्वरचा आंबेनळी घाट पोलादपूरला आणि कराडहून येणारा कुंभार्ली घाट चिपळूणला आणून सोडतो, म्हणजे दापोली आणि गुहागर हे तालुके हाताशी येतात. कोल्हापूरकरांना रत्नागिरीसाठी आंबा घाट, कणकवलीसाठी फोंडा घाट आणि सावंतवाडीसाठी आंबोली असे पर्याय आहेत. मुंबईकरांना रस्त्याचा कंटाळा असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून सुमारे तासाभरात मांडव्याला उतरता येते. पावसाळ्यात मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या घाटाची चौकशी करावी, कारण दरड कोसळून घाट बंद होणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

भरती–ओहोटीचा हिशेब

या प्रवासात घड्याळाइतकेच पंचांग उपयोगी पडते. किनाऱ्यावरच्या निम्म्या गोष्टी पाण्याच्या वेळेवर अवलंबून असतात : अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, हरिहरेश्वरची समुद्राकडील प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते आणि हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच पाहण्यासारखी असते, कारण लाट त्या खडकाच्या चिरेतून शिरून वर उसळते ती पाणी चढल्यावरच. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी आणि सोपी रीत अशी, की तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे सुमारे पावणेचार वाजता भरती. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास. एकादशीला भरती सव्वाआठची आणि ओहोटी सव्वादोनची. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. जागेनुसार अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे ही रीत बेत आखण्यापुरती वापरावी आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील कोळ्याला किंवा बोटवाल्याला विचारावे.

येथे एक बारकावा आहे, तो पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खोलवर ओसरते, परंतु ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते. उलट अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा ओहोटी सोयीची, ऐन दुपारची असते, पण पाणी पुरते हटत नाही. त्यामुळे कुलाब्याला अष्टमीच्या दुपारी गेलेल्या माणसाला ओहोटी असूनही पाण्यातून जावे लागू शकते. द्वितीया ते पंचमी, म्हणजे पाणी बऱ्यापैकी उतरते आणि ओहोटी सकाळच्या प्रहरी मिळते असे दिवस, माझ्या मते सर्वांत सोयीचे. किल्ल्यावर गेल्यावर परतीची वेळ गड पाहण्याच्या हौसेवर ठरवू नये; पाणी चढू लागले की माघारी फिरावे.

गाडी वाळूत उतरवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. ओल्या वाळूत चाक रुतते, भरती कोणासाठी थांबत नाही आणि गावकऱ्यांना ट्रॅक्टर घेऊन धावावे लागते. त्याखेरीज पोलीस गुन्हा नोंदवतात तो वेगळाच. पोहण्याच्या बाबतीतही असेच आहे. गणपतीपुळे, गुहागर, मुरूड येथील किनारे दिसायला सौम्य असले तरी लाटांखाली वाळूत खड्डे पडलेले असतात आणि परतणाऱ्या पाण्याची ओढ जबरदस्त असते. ओहोटी लागलेली असताना कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये.

फेरीबोटीची पद्धत

सध्या किनाऱ्याने जाताना गाडीसह ओलांडायच्या मुख्य खाड्या चार. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. ते होईपर्यंत फेरीला पर्याय वळशाचाच आहे. दापोलीहून गुहागरला दाभोळमार्गे गेले तर जमिनीवरचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत राहते. फेरी चुकली तर खेड आणि चिपळूण करून जवळजवळ शंभर किलोमीटर पडतात.

फेरीबोटीला येथे ‘जंगलजेटी’ म्हणतात; रस्त्यात चौकशी करताना ‘जंगलजेटी’ कुठे आहे असे विचारले की कोणीही दाखवतो. जेटीवर पोचल्यावर गाडी रांगेत लावून एकाने तिकीट काढावे. तिकीट गाडीचे वेगळे आणि माणसांचे वेगळे असते. बोटीवर चढताना चालकाखेरीज सर्वांनी उतरून पायी जावे. गाडी पुढून घ्यायची की उलटी, हे बोटीवरचा माणूस हाताने खुणावतो. आपल्या आरशापेक्षा त्याच्या हातावर विश्वास ठेवावा. गाडी लावल्यावर हातब्रेक ओढावा आणि गिअर टाकून ठेवावा. ओहोटीच्या वेळी बोटीची फळी आणि धक्का यांमधला उतार तीव्र होतो, तेव्हा बुटक्या गाड्यांचा तळ घासू शकतो. अशी गाडी असेल तर पाणी थोडे चढेपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. शेवटच्या फेरीची वेळ मात्र मोबाइलवरच्या नकाशावरून ठरवू नये, कारण नकाशा रात्री बारा वाजतादेखील खाडीवरून रस्ता दाखवतो. ज्या घरी मुक्काम आहे त्यांनाच फोन करून विचारावे. सणासुदीला आणि शनिवार-रविवारी जेटीवर तास-दीड तास जाऊ शकतो, हे धरूनच निघावे.

तुकडे आणि पायवाटा

अलिबाग ते हरिहरेश्वर हा तुकडा सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्यावर फार लिहीत नाही. कोर्लईचा किल्ला मात्र चुकवू नये. एका बाजूला कुंडलिकेची खाडी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र अशा डोंगरसोंडेवर तो बांधलेला आहे, आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली एक मिश्र बोली आजही बोलली जाते. जंजिऱ्यासाठी राजपुरीहून शिडाची होडी मिळते. दिघीला उतरल्यावर दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला इतका लागून जातो, की चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याचे भाग्य मोठे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला राहतो. उत्तरेकडे येताना तो आपल्या बाजूला येतो आणि गाडी बाजूला घेऊन थांबणे सोपे जाते. म्हणून शक्य असल्यास महामार्गाने खाली उतरावे आणि किनाऱ्याने वर यावे.

वेसवी ते दाभोळ, म्हणजे दापोली-मंडणगडचा किनारा, हा मला सर्वांत भरलेला तुकडा वाटतो आणि त्याला तीन दिवस दिले तरी ते वाया जात नाहीत. खाडी ओलांडल्यावर बाणकोटच्या पुढे वेळास लागते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे येथे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पिल्ले समुद्रात सोडली जातात, तीही सकाळी आणि संध्याकाळी. पिल्ले अमुक दिवशी निघतीलच असे कोणी सांगू शकत नाही, म्हणून येथे एक रात्र राहून संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन्ही वेळा हाती ठेवाव्यात. मुक्काम गावातल्या घरांतच करावा. दोरीच्या आत जाऊ नये आणि मोबाइलचा दिवा लावू नये, कारण कृत्रिम प्रकाशाने पिल्लांची दिशा चुकते.

तेथून केळशीचे महालक्ष्मीचे देऊळ पाहून आंजर्ल्याला यावे. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता गाडी जाते, तरीही गावातून चढणाऱ्या जुन्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने जावे. चढ अर्ध्या तासाच्या आतला आहे, वाट आंब्या-फणसाच्या सावलीतून जाते आणि वर पोचल्यावर हर्णैचे बंदर, सुवर्णदुर्ग आणि खाडीचे मुख एका दृष्टिक्षेपात येते. खाडी पुलावरून ओलांडून दुपार कलता हर्णैला पोचावे, म्हणजे मासळीचा लिलाव पाहता येतो. लिलावाच्या गर्दीत मध्ये उभे राहून छायाचित्रे काढणे तेथील बायकांना आवडत नाही. त्यांचा तो धंद्याचा वेळ असतो. आपल्याला दोन-चार मासे हवे असतील तर लिलावात न पडता कडेला किरकोळ विकायला बसलेल्या कोळणींकडून घ्यावेत, तेथेच साफ करून घ्यावेत आणि मुक्कामाच्या घरी नेऊन द्यावेत. एक जून ते एकतीस जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, हे लक्षात ठेवले म्हणजे जुलैमध्ये ताज्या सुरमईचा आग्रह धरला जाणार नाही.

दापोलीकडे वळताना आसूदला गाडी रस्त्यावर ठेवून केशवराजाला पायी जावे. पोफळीच्या बागांमधून पायऱ्या उतरून ओढ्यापर्यंत जायचे, साकवावरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडचा चढ चढायचा. देवळाच्या आवारात डोंगरातून आणलेले पाणी गोमुखातून अखंड वाहत असते. बाहेर ऊन कितीही तापलेले असले तरी या वाटेवर गारवा असतो. पावसाळ्यात दगड शेवाळतात, तेव्हा पायात रबरी तळाची घट्ट पादत्राणे असावीत. अशा पाखाड्या कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहेत, आणि मोटारीच्या प्रवासात रोज एक तरी पायी चालावी, असा नियम करावा. वाट कोणाच्या आगरातून जात असेल तर हाक मारून विचारावे. पडलेली सुपारी किंवा काजू उचलू नये, ते त्या घराचे उत्पन्न असते.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. फेरी येईपर्यंत तेथील जुनी दगडी मशीद पाहून होते. पलीकडे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळ–जयगड फेरीने रत्नागिरी तालुक्यात उतरावे. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. गणपतीपुळ्याहून आरे–वारेमार्गे रत्नागिरीला येणारा रस्ता सूर्यास्ताआधी तासभर धरावा. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याचा राजवाडा पाहता येतो. 1885 साली पदच्युत झालेला हा राजा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला.

रत्नागिरी ते राजापूर या पट्ट्यातील सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, जांभ्या कातळात कोरलेली शिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही त्यांतील काही ठिकाणे. 2022 साली कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. रेषा उथळ असल्याने डोक्यावरच्या उन्हात त्या दिसतच नाहीत आणि लोक निराश होऊन परततात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे, म्हणजे तिरप्या उन्हात खोदलेल्या कडांची सावली पडते आणि हत्ती, मासे, मानवाकृती उमटून येतात. शिल्पावर उभे राहू नये आणि छायाचित्रासाठी खडूने रेषा भरू नयेत. सड्यावर झाड नसते, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर हवी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच सड्यांवर रानफुलांचे गालिचे पसरतात. मात्र तेव्हा कातळ निसरडा असतो.

बागा, फळे आणि रस

नाशिककडे द्राक्षबागांतून वाइन चाखत फिरण्याची जी सोय आहे तशी कोकणात नाही. येथे बाग म्हणजे आंबा, काजू, कोकम, नारळ आणि पोफळ. देवगड आणि रत्नागिरीच्या हापूसचा खरा हंगाम साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत. रस्त्यावरच्या मांडवातून पेटी घेण्यापेक्षा बागायतदाराच्या घरी जाऊन अढी पाहावी. पेंढ्यात नैसर्गिकरीत्या पिकलेल्या आंब्याचा वास देठाशी येतो, साल किंचित सैल पडते आणि एकाच अढीतली फळे वेगवेगळ्या रंगाची असतात. सगळी फळे एकसारखी पिवळीधमक दिसली तर शंका घ्यावी. आतला साका, म्हणजे गरातला बिघडलेला भाग, वरून ओळखता येत नाही, तेव्हा एक फळ कापून दाखवण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. घरी पोचायला दोन-तीन दिवस असतील तर तयार फळाऐवजी अढीतला हिरवट आंबा घ्यावा आणि पेटी गाडीत उन्हात ठेवू नये.

एप्रिल-मेमध्येच घरोघर कोकमे फोडून वाळत घातलेली दिसतात. फळाच्या सालींना त्याच फळाचा रस पुनःपुन्हा पाजून उन्हात वाळवले की आमसूल होते, मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ आणि साखरेत मुरवलेला तो अमृत कोकम. सोलकढीसाठी आगळ विकत घ्यावा. अमृत कोकमाच्या बाटलीतून सोलकढी होत नाही, हे सांगण्याची वेळ अजूनही येते. काजूच्या बोंडूचा रस जागेवरच प्यावा, तो टिकत नाही. बोंडू आंबवून भट्टीवर काढलेला उर्राक आणि फेणी ही गोव्याची चीज आहे. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

जेवणासाठी हॉटेल शोधत फिरण्यापेक्षा घरगुती खानावळीत सकाळी फोन करून माणसांची संख्या सांगावी. ताट त्या संख्येनेच रांधले जाते, म्हणून ऐनवेळी बेत बदलून न जाणे हा तेथे मोठा अपमान समजला जातो. रायगडात हिवाळ्यात गेलात तर वालाच्या शेंगांची पोपटी मिळते का ते विचारावे. सिंधुदुर्गात नारळाच्या रसाबरोबर शिरवाळे, घावन आणि कोंबडी-वडे यांना पर्याय नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी आलेले असल्यामुळे खोल्या मिळणे कठीण होते. शिमग्यात देवाची पालखी रस्त्यावर आली तर गाडी बंद करून बाजूला थांबावे.

पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्यावे, सीएनजीवर विसंबू नये आणि रोख पैसे बाळगावेत, कारण खाडीकाठच्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही.

मालवणचा तुकडा गर्दीचा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम 1664 साली सुरू झाले. तेथील शिवराजेश्वराच्या देवळासाठी सकाळची पहिली होडी धरावी आणि तारकर्लीऐवजी पुढे निवती किंवा वेंगुर्ल्याकडे मुक्काम करावा. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्याच्या पुढे रेडी आणि मग तेरेखोलची खाडी, तिच्यापलीकडे गोवा. गोव्यात जाऊन आलात तर परवान्याशिवाय तेथील दारू महाराष्ट्रात आणू नये. सीमेवरच्या नाक्यावर गाड्या तपासतात आणि फेणीच्या बाटलीपायी गाडी जप्त होण्याची वेळ येऊ शकते. परतताना सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची आणि गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची खरेदी करून, टाकी भरून, दुपारी तीनच्या आत आंबोलीचा घाट चढायला लागावे, कारण पावसाळ्यात तेथे संध्याकाळी धुके उतरले की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात.